जुना माणूस गेला की काय जातं? भोपाळच्या कारखान्यातील रात्र आणि कामगारांचा तजुर्बा

२ डिसेंबर १९८४, रविवारची रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात पावणेअकरा वाजता पाळी बदलली. संध्याकाळच्या पाळीतले लोक घरी गेले, रात्रीचे आले. त्याआधी, दहा वाजून वीस मिनिटांनी, ६१० क्रमांकाच्या टाकीतला दाब दर चौरस इंचाला २ पौंड असल्याची नोंद झाली होती. अकराच्या सुमारास नव्या पाळीतल्या ऑपरेटरने गेजकडे पाहिले तेव्हा काटा १० वर होता. म्हणजे चाळीसेक मिनिटांत दाब पाचपट झाला होता. पण त्याला त्यात धोका वाटला नाही. त्या टाकीसाठी २ पासून २५ पर्यंतचा दाब नेहमीचाच मानला जाई. शिवाय या कारखान्यातले गेज भरवशाचे नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

त्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे कामगारांच्या बोलीतले ‘मिक’, होते. त्यात पाणी शिरले होते आणि आतमध्ये रासायनिक क्रिया सुरू झाली होती. पुढच्या दोन तासांत काय घडले ते सगळ्या जगाला माहीत आहे. जे. पी. नगर, काझी कॅम्प, छोला अशा कारखान्याला लागून असलेल्या गरीब हिंदू-मुस्लिम वस्त्यांमध्ये झोपलेली माणसे खोकत, डोळे चोळत रस्त्यावर आली आणि तिथेच कोसळली. मध्य प्रदेश सरकारने नंतर मान्य केलेला मृतांचा आकडा ३,७८७ आहे. पीडितांच्या संघटना तो याहून कितीतरी मोठा सांगतात. जे वाचले त्यातल्या अनेकांची फुप्फुसे आणि डोळे कायमचे खराब झाले.

या दुर्घटनेबद्दल आपण बहुतेक वेळा कंपनी, अँडरसन, नुकसानभरपाई याच अंगाने बोलतो. ते बरोबरच आहे. पण त्या कारखान्याच्या कागदपत्रांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आजही जिथे जिथे माणसे पगारावर काम करतात तिथे लागू पडते. माणसे येत-जात राहिली की कामाच्या ठिकाणचे निर्णय कसे बिघडतात, ही ती गोष्ट.

त्या काट्याकडे पुन्हा बघा. १० हा आकडा एकटा पाहिला तर साधा आहे. मघाशी तो २ होता हे माहीत असेल तरच तो भीतीदायक ठरतो. आणि ‘या टाकीत इतक्या लवकर दाब कधीच चढत नाही’ हे ज्याने तीन-चार वर्षे पाहिले आहे, तो तर खुर्चीतून उठलाच असता. गेज सगळ्यांना एकच आकडा दाखवतो. त्या आकड्याचा अर्थ बघणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि तो तिथे आपोआप येत नाही.

अमेरिकेत १९८०च्या दशकात गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आग विझवणाऱ्या बंबवाल्यांचा अभ्यास केला. त्याला पाहायचे होते की जिवावरच्या प्रसंगी हे लोक दोन-चार पर्याय कसे तोलतात. निघाले भलतेच. अनुभवी अधिकारी म्हणायचे, आम्ही पर्याय तोलतच नाही, काय करायचे ते दिसतेच. एका अधिकाऱ्याची हकिकत त्याने आपल्या पुस्तकात दिली आहे. एका घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात आग लागली आहे असे समजून हा अधिकारी आपल्या माणसांसह आत गेला. पाणी मारले तरी आग हटेना. खोली जरा जास्तच गरम लागत होती आणि आगीचा आवाज मात्र फारच कमी येत होता. त्याला काहीतरी खटकले. त्याने सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढले आणि थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीन खाली कोसळली. खरी आग तळघरात होती. त्या गृहस्थाला वाटत होते की आपल्याला काही अतींद्रिय शक्ती आहे! क्लाइनने उलगडा केला तो साधाच होता. शेकडो आगी पाहिलेल्या माणसाच्या मनात ‘अशा आगीत असे व्हायला हवे’ हा नमुना तयार असतो. समोरचे दृश्य त्या नमुन्याशी जुळले नाही की तो सावध होतो, भले कारण सांगता येवो न येवो.

आपल्याकडे याला तजुर्बा म्हणतात. मोटारीच्या गॅरेजमध्ये उस्ताद इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, तो हाच. मोठी अडचण अशी की हा तजुर्बा कुठल्या फाइलमध्ये उतरत नाही. माणूस राजीनामा देतो तेव्हा हिशेबात फक्त त्याचा पगार वाचलेला दिसतो. त्याच्याबरोबर काय गेले याचा रकानाच नसतो.

भोपाळमधून कोण कोण गेले

युनियन कार्बाइडचा भोपाळचा कारखाना १९६९ साली सुरू झाला. सुरुवातीला तिथे ‘सेविन’ हे कीटकनाशक बाहेरून आणलेल्या मालावर तयार होई. मिक तिथेच बनवायला १९८० साली सुरुवात झाली. हे काम अवघड आहे याची तेव्हा कंपनीला चांगली जाणीव होती. काही इंजिनिअरांना अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या कंपनीच्या कारखान्यात शिकायला पाठवले होते. मिक युनिटवर ऑपरेटर म्हणून घेताना विज्ञानाची पदवी किंवा त्या तोडीचे शिक्षण बघितले जाई आणि वर काही महिन्यांचे प्रशिक्षण असे.

मग धंदा बसला. दुष्काळ पडला, शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता, स्वस्त कीटकनाशके बाजारात आली. कारखाना तोट्यात गेला. तोट्यातल्या कारखान्यात बढत्या थांबतात, आणि बढत्या थांबल्या की सगळ्यात आधी कोण निघतो? ज्याला बाहेर सहज नोकरी मिळते तो. म्हणजे सगळ्यात शिकलेला, सगळ्यात हुशार. भोपाळमध्ये तेच झाले. अमेरिकेत शिकून आलेले, युनिट उभे राहताना हजर असलेले एकेक इंजिनिअर सोडून गेले. रिकाम्या जागा भरल्या नाहीत किंवा कमी शिकलेली, दुसऱ्या विभागातून आणलेली माणसे कमी प्रशिक्षण देऊन तिथे बसवली. १९८० ते १९८४ या काळात मिक युनिटवरचे एका पाळीतले कामगार १२ वरून ६ वर आले, देखभाल करणारे ६ वरून २ वर. कामकाजाच्या सूचनांची पुस्तके इंग्रजीत होती आणि ती नीट वाचू न शकणारे कामगार बरेच होते. वरच्या खुर्चीचीही तीच तऱ्हा. या दुर्घटनेवर पुस्तक लिहिणारे व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पॉल श्रीवास्तव यांनी नोंदवले आहे की पंधरा वर्षांत या कारखान्याला आठ व्यवस्थापक लाभले.

आता यातली सगळ्यात बोचणारी बाब. १९८१च्या डिसेंबरात याच कारखान्यात फॉस्जीन वायूच्या गळतीत एक कामगार मेला होता. त्यानंतर मे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे तज्ज्ञ पाहणीसाठी आले. त्यांच्या अहवालात ज्या मोठ्या चिंता लिहिल्या होत्या, त्यात विषारी वायू सुटण्याची शक्यता होती, सुरक्षा व्हॉल्व्ह आणि उपकरणांच्या देखभालीतल्या त्रुटी होत्या, आणि कारखान्यात, खास करून प्रत्यक्ष चालवणाऱ्या विभागात, माणसे फार झपाट्याने बदलत असल्याने निर्माण होणाऱ्या अडचणीही होत्या. म्हणजे अडीच वर्षे आधी कंपनीच्याच माणसांनी कंपनीला लेखी सांगितले होते. त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला इशारे देत होते. कामगार संघटनाही ओरडत होती. ऐकणाऱ्या खुर्च्यांवर मात्र माणसे बदलत होती, आणि ज्याने चेतावणी ऐकली त्याची बदली झाली की नव्या माणसासाठी ती एक जुनी फाइल उरते.

याचा दुसरा परिणाम शांतपणे होतो. जून १९८४ मध्ये मिकची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद केली गेली. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा पाइपच्या दुरुस्तीसाठी जोडणीतून काढला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा नुसती राखीव ठेवली होती. प्रत्येक निर्णय वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणाने झाला आणि त्या-त्या दिवशी तो कुणाला फार भयंकर वाटला नसावा. उत्पादन बंद आहे, मग थंडाव्याचा खर्च कशाला? पण हे तिन्ही एकाच वेळी बंद असणे म्हणजे काय, हे एका नजरेत पाहायला युनिट पहिल्यापासून ओळखणारी माणसे खोलीत लागतात, आणि त्यांचे म्हणणे वर पोहोचावे लागते.

टाकीत पाणी शिरले कसे यावर वाद आहे. कामगारांचे आणि अनेक अभ्यासकांचे म्हणणे असे की त्या संध्याकाळी पाइप पाण्याने धुताना अडसराची चकती बसवलीच नाही, आणि पाणी पुढे सरकत टाकीपर्यंत गेले. ती चकती बसवणे हे देखभाल विभागाचे काम होते आणि त्या पाळीतले देखभालीच्या सुपरवायझरचे पद तर थोड्याच दिवसांपूर्वी रद्द केले होते. धुण्याचे काम सांगणारा सुपरवायझरही कार्बाइडच्या बॅटरीच्या कारखान्यातून अलीकडेच बदली होऊन आलेला होता. कंपनी हे मानत नाही. एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीला पाण्याचा पाइप जोडला, असा तिचा दावा राहिला. आपण कुणाचेही खरे धरले तरी पुढचा सगळा वेळ, म्हणजे दाब चढू लागल्यापासून वायू सुटेपर्यंतचा, तसाच उरतो. त्या वेळात कारखान्यातल्या माणसांना कळायला हवे होते.

पण अनुभव फसवतोही

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. साडेअकराच्या सुमारास काही कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. त्यांनी शोधले तेव्हा वरच्या पाइपातून थेंब थेंब गळताना दिसले. सुपरवायझरला कळवले. ठरले असे की आधी चहा घेऊ, मग गळतीचे बघू. साडेबारानंतर दाब काट्याच्या मापाबाहेर गेला, टाकीवरचे काँक्रीट तडकू लागले, तेव्हा करण्यासारखे जवळपास काही उरले नव्हते.

हा चहा नंतर जगभर गाजला. लोक म्हणतात, किती बेपर्वाई! मला तसे वाटत नाही. या लोकांना अनुभव होता, पण कशाचा? छोट्या गळत्या रोजच होतात, डोळे चुरचुरतात, दुरुस्ती होते, काही बिघडत नाही, याचा. वर्षानुवर्षे धोका टळत गेला की तो धोका राहत नाही, कामाचा भाग होतो. १९८६ साली अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर फुटले. त्याचा अभ्यास करणाऱ्या डायन व्हॉन यांनी हेच दाखवले आहे. तिथे तर नवशिके कुणी नव्हते, मुरलेले इंजिनिअर होते. यानाच्या सांध्यातली रबरी कडी आधीच्या उड्डाणांतही झिजलेली सापडली होती आणि दर वेळी यान सुखरूप परतल्याने ती झीज ‘चालण्यासारखी’ मानली गेली.

म्हणून जुनी माणसे धरून ठेवा, बाकी सगळे आपोआप ठीक होईल, असे म्हणता येत नाही. जेम्स मार्च या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ च्या एका प्रसिद्ध निबंधात संगणकावर संस्थेची प्रतिकृती चालवून पाहिली. त्यात दिसले की थोडीफार माणसे बदलत राहणे संस्थेच्या ज्ञानाला उपकारक ठरू शकते. नवा माणूस जुन्यापेक्षा कमी जाणतो हे खरे, पण तो वेगळे काहीतरी जाणतो, आणि ‘आमच्याकडे असंच असतं’ हे अजून त्याच्या अंगवळणी पडलेले नसते. नव्याचे ‘हे असं का?’ फार मोलाचे असते. फक्त उत्तर देणारा जुना माणूस शेजारी हवा. भोपाळमध्ये वाईट मेळ जमला होता: युनिट मुळापासून समजलेले गेले होते आणि उरलेल्यांना गळतीची सवय झाली होती. तज्ज्ञता गेली, सवय राहिली.

त्याच रात्री, कारखान्यापासून जवळच असलेल्या भोपाळ स्टेशनवर दुसरा एक निर्णय झाला. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्युटीवर होते. डोळ्यांत आग, घशात गुदमर, आसपास माणसे पडत होती. काय झाले आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. फलाटावर प्रवाशांनी भरलेली एक्स्प्रेस उभी होती आणि तिच्या सुटण्याला अजून वेळ होता. हकिकत अशी सांगितली जाते की दस्तगीर यांनी वेळेआधीच गाडी सोडायला सांगितले. वरून आदेश येईपर्यंत थांबू या का, असे सहकाऱ्यांनी विचारले तेव्हा जबाबदारी माझी, असे ते म्हणाले. शेजारच्या स्टेशनांना कळवून भोपाळकडे येणाऱ्या गाड्याही त्यांनी अडवल्या. रेल्वेची कित्येक माणसे त्या रात्री गेली. दस्तगीर यांचा एक मुलगाही दगावला. वायूने त्यांची स्वतःची तब्येत कायमची बिघडवली आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२३ साली आलेल्या ‘द रेल्वे मेन’ या मालिकेमुळे तरुण पिढीला ही गोष्ट थोडीफार कळली.

दस्तगीर यांना मिकबद्दल काही माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांना रेल्वे माहीत होती. गाडी वेळेआधी सोडली तर काय काय होऊ शकते, सिग्नल कुणाच्या हातात, पुढच्या स्टेशनला काय सांगायचे, कुठला नियम मोडला तर निभावता येतो आणि कुठला नाही, हे सगळे त्यांच्या हाताखालचे होते. म्हणून अर्धवट माहितीवरही ते काही मिनिटांत ठरवू शकले. आणि आपले म्हणणे हाताखालचे लोक ऐकतील इतकी त्यांची तिथे पत होती. हेही अनुभवाचेच देणे आहे. परवा बदली होऊन आलेल्या माणसाने हेच म्हटले असते तर लोकांनी कदाचित फोन लागायची वाट पाहिली असती.

पाळी बदलताना काय सांगायचे

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आले. त्यातल्या कलम ४१-सी मध्ये घातक पदार्थ हाताळण्याची देखरेख शिक्षण आणि अनुभव दोन्ही असलेल्या सक्षम माणसाकडेच द्यावी, असे बंधन मालकावर घातले. घातक पदार्थांच्या देखरेखीसाठी ‘अनुभवा’ची ही अट कायद्यात आली ती इतकी माणसे मेल्यावर. त्याच प्रकरणात धोका समोर दिसत असेल तर तसे बजावण्याचा हक्क कामगाराला दिला.

कायदा पुस्तकात राहिला आणि इकडे ठेकेदारी वाढली. तारापूर, लोटे, महाड, डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत ठेकेदाराच्या माणसाकडून काम करून घेणे आता रोजचे झाले आहे. ठेका बदलला की माणसेही बदलतात. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर सणाला किंवा शेतीच्या हंगामात गावी गेलेला कारागीर परत येईलच याची खात्री नसते. मागावर कापड बिघडेल, नुकसान पैशांचे. रसायनाच्या टाकीवर तसे नसते. पण चूक होण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे, म्हणून मालकांना आणि आपल्या संस्था चालवणाऱ्यांनाही हे सांगावेसे वाटते.

पहिले म्हणजे पाळी बदलताना दोन्ही पाळ्या दहा-पंधरा मिनिटे एकत्र थांबल्या पाहिजेत आणि त्या वेळेचा पगार दिला पाहिजे. जाणाऱ्याने फक्त ‘सब ठीक है’ म्हणू नये. गेल्या आठ तासांत काय बदलले, कशाची शंका आहे, कुठला गेज खोटा बोलतो, हे त्याने तोंडी सांगावे आणि वहीत लिहावे. नोंदवहीत शेवटच्या आकड्याशेजारी त्याच्या आधीचे दोन-तीन आकडे दिसतील अशी आखणी हवी. यात खर्च काहीच नाही. सूचना त्या कामगाराला वाचता येईल त्या भाषेत असाव्यात, मग ती हिंदी असो, उर्दू असो की मराठी. आणि जुना माणूस सोडून जाताना पगाराचा हिशेब करतो तसा अर्धा दिवस त्याच्याजवळ बसून विचारावे: या कामात तुम्हाला काय माहीत आहे जे कागदावर नाही? लोक सांगतात. विचारणारा कुणी नसतो इतकेच.

कामगारांपैकी हे कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठीही एक गोष्ट. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी लाज न बाळगता विचारा की हा काटा रोज किती असतो आणि शेवटचा कधी वर गेला होता. ‘तुला काय करायचंय’ असे उत्तर आले तर ते लक्षात ठेवा आणि युनियन असेल तर तिथे सांगा.

भोपाळच्या न्यायालयाने ७ जून २०१० रोजी कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोषी धरून दोन वर्षांची शिक्षा दिली. त्यांना लगेच जामीनही मिळाला. कामगार १२ वरून ६ करण्याच्या कागदावर सही कुणाची होती, रात्रीचे देखभालीचे पद कुणी रद्द केले, यावर वेगळा खटला कधी उभा राहिला नाही.